सबस्टन्स पी शोधणारे उल्फ फॉन ऑयलर : उलटीच्या कॅप्सूलमागची गोष्ट आणि कर्करोगाविषयीचा एक प्रश्न

तुमच्या किंवा तुमच्या घरातल्या कुणाच्या केमोथेरपीच्या कागदावर ॲप्रेपिटंट हे नाव तुम्ही वाचले असेल. केमोच्या दिवशी एक कॅप्सूल आणि पुढचे दोन दिवस रोज एक, उलटी होऊ नये म्हणून. याच औषधाविषयी आणखी एक दावाही कदाचित तुमच्या वाचनात आला असेल : हे उलटीचे औषध कर्करोगाच्या पेशीही मारते. मग ते तीनच दिवस का? रोज का नाही? हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण त्याच्या मुळाशी खरे संशोधन आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर ज्या रसायनाला हे औषध अडवते, ते शोधणाऱ्या माणसाची ओळख करून घेणे उपयोगी पडते. त्यांचे नाव उल्फ फॉन ऑयलर.

शास्त्रज्ञांचे घर

उल्फ स्वांते फॉन ऑयलर यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९०५ रोजी स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात झाला. वडील हान्स फॉन ऑयलर-केल्पिन हे मूळचे जर्मनीतल्या आउग्सबुर्गचे रसायनशास्त्रज्ञ. साखर आंबण्याची क्रिया आणि ती घडवणारी एन्झाइम्स यांवरच्या कामासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला, तेव्हा उल्फ २४ वर्षांचे होते. आई ॲस्ट्रिड क्लेव्ह वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या स्वीडनमधल्या पहिल्या महिला. आईचे वडील पेर टेओडोर क्लेव्ह यांनी होल्मियम आणि थुलियम ही मूलद्रव्ये शोधली होती. स्वांते हे मधले नावसुद्धा रसायनशास्त्रातले नोबेल मिळवणाऱ्या स्वांते अऱ्हेनियस यांच्यावरून ठेवलेले. उल्फ सात वर्षांचे असताना आईवडील विभक्त झाले.

असा वारसा असूनही उल्फ यांनी रसायनशास्त्र न निवडता वैद्यकशास्त्र निवडले आणि १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला. तिथे त्यांना संशोधनाची गोडी लागली ती रॉबिन फोरेउस यांच्यामुळे. तुमच्या रक्ततपासणीच्या अहवालात ईएसआर असे लिहिलेले असते. नळीत उभे ठेवलेले रक्त तासाभरात किती खाली बसते हे त्यात मोजतात. ही तपासणी शास्त्रीय पायावर उभी करणाऱ्यांमध्ये फोरेउस होते आणि उल्फ त्यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. त्यानंतर रॉकफेलर फेलोशिप मिळाली आणि ते लंडनला हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत गेले.

१९३१ : पी नावाची भुकटी

मज्जातंतू एकमेकांना आणि स्नायूंना निरोप कसा देतात, विजेने की रसायनाने, हा त्या काळातला मोठा वादाचा विषय होता. डेल यांचा गट ॲसिटिलकोलिन या रसायनावर काम करत होता. आतड्यातही ते सापडते का, हे उल्फ तपासत होते.

प्रयोगाची पद्धत साधी होती. सशाच्या आतड्याचा छोटा तुकडा कोमट क्षाराच्या पाण्यात टांगायचा आणि त्या पाण्यात अर्क टाकायचा. तुकडा आकसला की अर्कात काहीतरी प्रभावी आहे असे समजायचे. ते ॲसिटिलकोलिनच आहे का हे ओळखण्यासाठी ॲट्रोपिन हे औषध आधी घालायचे. ॲट्रोपिन असेल तर ॲसिटिलकोलिनचा आतड्यावर परिणाम होत नाही.

उल्फ यांच्या अर्काने मात्र ॲट्रोपिन घातल्यावरही आतडे आकसत राहिले. शिवाय तो अर्क सशाच्या रक्तदाबावरही परिणाम करत होता, रक्तदाब खाली येत होता. म्हणजे हे ॲसिटिलकोलिन नव्हते. दुसरेच काहीतरी होते.

अपेक्षेपेक्षा वेगळे उत्तर आले की प्रयोग फसला असे म्हणून नळी धुऊन टाकण्याचा मोह होतो. उल्फ यांनी तसे केले नाही. डेल यांच्याच संस्थेतले जॉन गॅडम त्यांच्या जोडीला आले. दोघांनी घोड्याच्या मेंदूपासून आणि आतड्यापासून अर्क काढला, तो शक्य तितका शुद्ध करून त्याची भुकटी केली आणि १९३१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगाच्या नोंदींत या तयार केलेल्या पदार्थासाठी पी हे अक्षर वापरले जाई. पुढे तेच नाव चिकटले : सबस्टन्स पी. हे पी म्हणजे पेन, वेदना, असे आजही अनेकांना वाटते. वेदनेशी त्याचा संबंध असावा ही कल्पना मात्र १९५० च्या दशकात पुढे आली.

एकाच जिज्ञासेतून अनेक शोध

स्वीडनला परतल्यावर उल्फ यांनी हीच पद्धत पुढे चालवली : शरीराच्या एखाद्या भागाचा अर्क घ्यायचा, तो काय करतो ते पाहायचे आणि आपल्याला माहीत असलेल्या रसायनांशी ते जुळत नसेल तर पाठपुरावा करायचा.

१९३५ च्या सुमारास वीर्यात आणि वीर्यकोशाच्या अर्कात त्यांना आणखी एक प्रभावी पदार्थ दिसला. त्याला त्यांनी प्रोस्टाग्लँडिन असे नाव दिले. आज ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यावर ताप आणि सूज उतरते, ती शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणे कमी झाल्यामुळे. १९४५ मध्ये उल्फ यांनी आपल्याकडचा थोडा अर्क सुने बर्गस्ट्रॉम या तरुण रसायनशास्त्रज्ञाला देऊन टाकला, कारण त्याची रचना उलगडण्याचे कसब बर्गस्ट्रॉम यांच्याकडे होते. या कामासाठी बर्गस्ट्रॉम यांना १९८२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह नोबेल मिळाले.

१९३९ मध्ये उल्फ कॅरोलिन्स्कामध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९७१ पर्यंत त्या पदावर राहिले. १९४६ मध्ये त्यांनी दाखवून दिले की हृदयाचे ठोके वाढवणारे आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे सिम्पथेटिक मज्जातंतू निरोपासाठी नॉरॲड्रेनॅलिन वापरतात. अतिदक्षता विभागात रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला आज हेच रसायन सलाइनमधून दिले जाते. त्याच वर्षी यॉरान लिल्येस्ट्रांद यांच्यासोबत त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. फुप्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू कमी पोहोचतो, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते.

१९५० मध्ये त्यांचे काम थेट एका गाठीपर्यंत पोहोचले. अधिवृक्क ग्रंथीत होणाऱ्या फिओक्रोमोसायटोमा या ट्यूमरमध्ये नॉरॲड्रेनॅलिन आणि ॲड्रेनॅलिन भरमसाट तयार होतात. ती लघवीत वाढलेली सापडली तर निदानाला मदत होते, हे त्यांनी एका सहकाऱ्यासह दाखवले. आजही या ट्यूमरचा संशय आल्यावर रक्तात आणि २४ तासांच्या लघवीत याच घराण्यातली रसायने मोजतात.

१९७० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि बर्नार्ड कॅट्झ यांच्यासोबत मिळाले. मज्जातंतूंच्या टोकांशी निरोप देणारी रसायने कशी साठवली जातात, कशी सोडली जातात आणि कशी निकामी होतात, यावरच्या कामासाठी हा पुरस्कार होता. वडिलांच्या नोबेलनंतर ४१ वर्षांनी मुलाला नोबेल मिळाले.

नाव होते, ओळख नव्हती

या सगळ्या काळात सबस्टन्स पीचे काय झाले? ते नेमके काय आहे हे कुणालाच कळले नव्हते. १९३१ ते १९७० अशी जवळजवळ चाळीस वर्षे ते एक अशुद्ध भुकटीच राहिले. उल्फ यांचे विद्यार्थी बेंग्ट पेर्नोव यांनी १९५३ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. शुद्ध पदार्थ मात्र हाती येत नव्हता, कारण शरीरात त्याचे प्रमाण अतिशय सूक्ष्म असते.

हा गुंता अमेरिकेत सुटला, तोही दुसऱ्याच शोधाच्या वाटेवर. सुसान लीमन या गाई-बैलांच्या मेंदूच्या अर्कात एक वेगळे हार्मोन शोधत होत्या. त्यांच्या अर्काने उंदरांच्या तोंडाला लाळ सुटू लागली. त्या लाळेचा माग काढत त्या आणि त्यांचे सहकारी सबस्टन्स पीपर्यंत पोहोचले आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली : ११ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. चेतापेशी निरोप देण्यासाठी वापरतात अशा प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. सबस्टन्स पी हे त्यांपैकी सर्वांत आधी सापडलेल्यांमधले एक.

१९७६ मध्ये स्टॉकहोममध्ये केवळ सबस्टन्स पी या विषयावर एक नोबेल परिसंवाद भरला. उल्फ आणि पेर्नोव यांनी त्याचा ग्रंथ संपादित केला. पंचविशी ओलांडताना हाती लागलेल्या भुकटीची पूर्ण ओळख त्यांना सत्तरी ओलांडल्यावर पाहायला मिळाली. ९ मार्च १९८३ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचे निधन झाले. त्या भुकटीपासून रुग्णाच्या हातात औषध पडायला अजून वीस वर्षे होती.

वेदनेचे औषध शोधताना सापडले उलटीचे औषध

सबस्टन्स पी पेशीच्या पृष्ठभागावरच्या एनके-१ नावाच्या रिसेप्टरला जाऊन चिकटते. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दाराची कडी समजा. सबस्टन्स पीने कडी वाजवली की आत पेशीला निरोप मिळतो. कडी कुणी धरून ठेवली तर निरोप आत जात नाही. ही कडी धरून ठेवणारी औषधे म्हणजे एनके-१ रोधक.

वेदनेचा निरोप मेंदूकडे नेण्यात सबस्टन्स पीचा हात असतो हे कळल्यावर औषध कंपन्यांना मोठी आशा वाटली. प्राण्यांमध्ये एनके-१ रोधकांनी वेदना कमी केलीही. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र ती औषधे वेदनाशामक म्हणून अपयशी ठरली. मग नैराश्यासाठी प्रयत्न झाला. १९९८ मध्ये पहिला निकाल आशादायक आला, पण नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तो टिकला नाही.

यश आले ते तिसऱ्याच ठिकाणी. केमोथेरपीनंतर पहिल्या २४ तासांत होणाऱ्या उलटीत आतड्यातून सुटणाऱ्या सेरोटोनिनचा वाटा मोठा असतो. तिला ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधे आवरतात. दुसऱ्या ते पाचव्या दिवसातल्या उलटीत मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्रात सबस्टन्स पी महत्त्वाचे ठरते. तिथली कडी धरून ठेवणारे ॲप्रेपिटंट २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. सिस्प्लॅटिनसारखी उलटी आणणारी औषधे घेणाऱ्या अनेक रुग्णांना त्यामुळे उपचार पूर्ण करणे शक्य झाले. भुकटीपासून कॅप्सूलपर्यंत ७२ वर्षे लागली.

गाठीच्या पेशी सबस्टन्स पी कशासाठी वापरतात?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. स्तन, स्वादुपिंड, मोठे आतडे, त्वचेचा मेलानोमा, मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा, लहान मुलांमधला न्यूरोब्लास्टोमा अशा अनेक कर्करोगांच्या पेशींवर एनके-१ रिसेप्टर सापडले आहेत. काही गाठींच्या पेशी सबस्टन्स पी स्वतःच तयारही करतात. म्हणजे पेशी आपल्याच दाराची कडी आपणच वाजवत राहते.

या निरोपाने प्रयोगशाळेत चार गोष्टी दिसतात :

• पेशींचे विभाजन वेगाने होते.
• खराब झालेल्या पेशीने स्वतःहून मरून जायचे, ही शरीराची जी नेहमीची व्यवस्था असते ती दबली जाते आणि गाठीची पेशी तग धरते.
• पेशी जागा सोडून सरकू लागतात.
• गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या फुटायला मदत होते.

उलट, काचेच्या बशीत वाढवलेल्या या पेशींवर ॲप्रेपिटंट टाकले की अनेक प्रकारच्या गाठींच्या पेशी मरतात. उंदरांमध्ये काही गाठींची वाढ मंदावते. हे निष्कर्ष एकाहून अधिक देशांतल्या प्रयोगशाळांमधून आले आहेत. तुम्ही वाचलेल्या दाव्याचा आधार हा आहे.

मग ते कर्करोगाचे औषध म्हणून का देत नाहीत?

याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण मात्रेचे. बशीतल्या बहुतेक प्रयोगांत पेशी मारायला लागलेले औषधाचे प्रमाण उलटीसाठीच्या डोसने रक्तात येणाऱ्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असते. शिवाय रक्तातले ९५ टक्क्यांहून अधिक ॲप्रेपिटंट प्रथिनांना चिकटलेले असते, त्यामुळे पेशीपर्यंत मोकळे पोहोचणारे औषध आणखी कमी.

दुसरे कारण सबस्टन्स पीच्या कामांचे. ते शत्रू नाही. आतड्याची हालचाल, जखम भरणे, संसर्गाविरुद्धची सूज अशा रोजच्या कामांत त्याचा वाटा आहे. ही कडी कित्येक महिने, मोठ्या मात्रेने धरून ठेवल्यास, आणि तेही केमोसोबत, काय होईल हे चाचणीशिवाय ठरवता येत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, आणि ते या औषधांच्या स्वतःच्या इतिहासात आहे. प्राण्यांमध्ये वेदना थांबवणारी हीच औषधे माणसात वेदना थांबवू शकली नाहीत. बशीत आणि उंदरात दिसलेला परिणाम रुग्णात दिसेलच असे नसते. गाठ आटवण्यासाठी किंवा आयुष्य वाढवण्यासाठी ॲप्रेपिटंट उपयोगी आहे, असे मोठ्या तुलनात्मक मानवी चाचण्यांनी सिद्ध केलेले नाही.

सिद्ध होणे म्हणजे काय असते, याचे एक उदाहरण पाहा. सोमॅटोस्टॅटिन हेही एक न्यूरोपेप्टाइड. त्याची नक्कल करणारे ऑक्ट्रिओटाइड हे इंजेक्शन आधी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या रुग्णांचे जुलाब आणि चेहरा लाल होणे आवरण्यासाठी, म्हणजे केवळ लक्षणांसाठी, दिले जाई. ते गाठीलाही रोखते का, हे तपासायला जर्मनीत ८५ रुग्णांची चाचणी झाली. कुणाला औषध, कुणाला औषधासारखे दिसणारे रिकामे इंजेक्शन, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले गेले. २००९ मध्ये निकाल आला : रिकाम्या इंजेक्शनच्या गटात गाठ वाढायला साधारण ६ महिने लागले, औषधाच्या गटात १४.३ महिने. त्यानंतर हे औषध गाठ रोखण्यासाठीही दिले जाऊ लागले. लक्षणांवरचे औषध कर्करोगाचे औषध ठरू शकते, पण त्याचा मार्ग अशा चाचणीतून जातो. ॲप्रेपिटंटने तो मार्ग अजून पार केलेला नाही.

तुम्ही काय करावे

• ॲप्रेपिटंट लिहून दिले असेल तर सांगितल्याप्रमाणे घ्या. प्रौढांमध्ये नेहमीचा क्रम पहिल्या दिवशी केमोच्या एक तास आधी १२५ मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस ८० मिलिग्रॅम असा असतो. पहिल्या दिवशी उलटी झाली नाही म्हणून पुढच्या कॅप्सूल टाळू नका. त्या नंतरच्या दिवसांसाठीच असतात.
• कर्करोगावर उपयोग होईल म्हणून ते स्वतःहून जास्त दिवस घेऊ नका. यकृतात इतर औषधे ज्या एन्झाइमने मोडली जातात, त्यावर ॲप्रेपिटंटचा परिणाम होतो. त्यामुळे काही केमोची औषधे आणि डेक्सामेथासोन यांची रक्तातली पातळी वाढू शकते.
• वॉरफॅरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. तिचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून आयएनआर तपासावा लागतो.
• गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर या औषधाच्या काळात आणि शेवटच्या डोसनंतर एक महिना दुसरी पद्धतही वापरा.
• थकवा, बद्धकोष्ठता किंवा उचकी लागणे हे त्रास होऊ शकतात. उचकी थांबत नसेल किंवा पाणीही पोटात राहत नसेल तर लगेच कळवा.
• नवीन संशोधनाचे कात्रण किंवा मोबाइलवरचा संदेश घेऊन डॉक्टरांकडे जायला संकोचू नका. त्यांना तीन प्रश्न विचारा : हा प्रयोग बशीत झाला, प्राण्यात की माणसात? तुलनेला दुसरा गट होता का? माझ्या प्रकारच्या कर्करोगासाठी अशी एखादी नोंदणीकृत चाचणी सध्या चालू आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हो असेल, तर चाचणीत भाग घेणे हा सुरक्षित मार्ग आहे. तिथे डोस ठरलेला असतो, दुष्परिणामांवर लक्ष असते आणि निकाल काहीही आला तरी तो पुढच्या रुग्णाच्या कामी येतो. सबस्टन्स पीवरच्या औषधांबाबतही तसेच झाले. वेदनेच्या आणि नैराश्याच्या चाचण्यांत स्वेच्छेने सहभागी झालेल्या रुग्णांमुळेच ही औषधे कुठे चालत नाहीत हे कळले, आणि उलटीच्या चाचण्यांत सहभागी झालेल्यांमुळे ती कुठे चालतात हे कळले. गाठींविषयीचे उत्तरही त्याच वाटेने येईल.

या लेखातली माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या उपचारात कोणताही बदल करण्याआधी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोला.